दुलबाने राखलेलं घर

आडबंदरच्या खाडीला धक्का नव्हता, गलबतं शिडावर चालत आणि माणसं वाऱ्याची वाट बघत बसत, तेव्हाची ही गोष्ट. ज्यांनी पाहिलं ते गेले. ज्यांनी ऐकलं त्यांनी सांगितली, म्हणून ती उरली.

खाडीच्या तोंडाशी एक टेकाड आहे. त्या टेकाडावर पदाजी नाखव्याने चिऱ्याचं घर बांधलं. वर नळे घातले. नळे म्हणजे कुंभाराने हाताने वळलेली अर्धगोल कौलं. घराचा चुना अजून ओला होता, तेव्हाच नाखव्याने बायकापोरांना आपल्या गलबतात बसवलं आणि तो मलबाराकडे निघाला. तिकडे थोडा व्यापार करायचा आणि मग कायमचं या घरात येऊन राहायचं, असा त्याचा बेत होता. घर राखायला त्याने दुलबाला मागे ठेवलं. दुलबा गलबतावर पेज शिजवायचा. त्याला आईबाप नव्हते. आपलं गाव कुठलं, तेही त्याला ठाऊक नव्हतं.

निघताना नाखवा त्याला म्हणाला, "दुलबा, मी येईन तेव्हा ओटीवर पाय धुवायला पाणी असू दे."

गलबत सुटलं आणि त्यावरच्या मांजरीने पाण्यात उडी टाकली. ती गाभण होती. खलाशांनी हाका मारल्या, पण ती पोहत काठाला आली आणि थेट टेकाड चढून गेली, असं म्हणतात.

गलबत गेलं ते गेलंच. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. त्याचं फळकूटही कुठल्या काठाला लागलं नाही. त्या गलबतावर बुधाजी तांडेलाचा धाकटा भाऊ होता. बुधाजी म्हणजे आडबंदरच्या होड्यांचा म्होरक्या. मांजर उतरलं तेव्हाच दर्याने गलबत आपलं म्हटलं, असं तो सांगू लागला. गावाला ते पटलं. दुःखाला कुठेतरी पाठ टेकायला जागा लागते.

दुलबाला कुणी काही विचारलं नाही. तो घर राखत राहिला. रोज सकाळी विहिरीवरून घागर आणून ओटीवर ठेवायची. संध्याकाळी तेच पाणी माडाच्या आळ्यात ओतायचं आणि घागर उपडी घालायची. जमीन चोपायची, सारवायची. वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावायचं, म्हणजे वाळवी येत नाही. नाखव्याच्या पलंगावरची गोधडी उन्हात घालायची आणि पुन्हा नीट अंथरायची. स्वतः तो जमिनीवर चटई टाकून निजायचा. वैशाखात घर शाकारायला तो एकटाच आढ्यावर चढायचा. सगळे नळे उतरवायचे, झाडायचे, फुटके बाजूला काढायचे, पुन्हा ओळीने बसवायचे. गावात एकाचं घर शाकारायला दहाजण जात. या घराकडे कुणी येत नसे.

मांजरीची पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली. कुणी म्हणतात वीस मांजरं होती, कुणी म्हणतात शंभर. सगळी रानटी. दुलबा खाली काठावर जाऊन माशांची डोकी मागून आणायचा आणि ओटीच्या पायरीवर करवंटी वाजवायचा. मग परसातून, माडांवरून, नळ्यांवरून मांजरं उतरत. तो लांब सरकला की खात. इतक्या वर्षांत एकानेही त्याला अंगाला हात लावू दिला नाही. तो तरीही खाणं संपेपर्यंत बसून राहायचा. त्याच्या घासाला तेवढीच सोबत.

डोकी द्यायची ती शेवंती कोळीण. ती एकदा त्याला म्हणाली, "दुलबा, घर सांभाळलंस, मांजरं सांभाळलीस. त्यातच एखादी बायकोही सांभाळायची होतीस."

"तिला काय सांगितलं असतं, बाये? घर आहे, पण आपलं नाही?"

शेवंती हसली, मग हसायची थांबली आणि तिने त्याच्या टोपलीत एक अख्खा बांगडा टाकला.

असे किती पावसाळे गेले, कुणी मोजले नाहीत. दुलबाचे केस पिकले, बुधाजीचेही पिकले. मग एका वैशाखात दुलबा शाकारायला चढला, तर दर्याकडच्या कोपऱ्यात नळ्यांखाली एक मांजरी व्यालेली. पिल्लांचे डोळे मिटलेले होते. दुलबाने बाकीचं छप्पर शाकारलं आणि तेवढा कोपरा ठेवला. पिल्लं हलली की करू, असं तो मनाशी म्हणाला. पण त्या वर्षी पाऊस आधीच आला. पिल्लं मोठी होऊन गेली तेव्हा नळ्यांना हात लावायची सोय उरली नव्हती.

कोपरा गळू लागला. त्याखालीच नाखव्याचा पलंग होता. दुलबाने पलंग ओढून आपल्या कोरड्या जागी नेला आणि पलंगाच्या जागी स्वतःची चटई टाकली. गळतीखाली मडकं ठेवलं. ते भरलं की रितं करायला माणूस जवळ हवा, नाहीतर सारवलेली जमीन उखडते. तीन महिने तो त्या ओलीत निजला.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात उतरायची वेळ आली. त्याच सुमाराला मांजरांनी बुधाजीच्या पडवीतले सुके बांगडे पळवले. जुनी जखम पुन्हा वाहू लागली. बुधाजी टेकाडाखाली येऊन उभा राहिला. वर तो कधी चढला नव्हता.

"दुलबा, माझा भाऊ गेला तो या जातीपायी," तो म्हणाला. "पहिली फेरी मारून येतो आणि गोणी घेऊन वर चढतो. एकेक भरून खाडीपलीकडे टाकणार. मध्ये येऊ नकोस."

दुलबाला भांडायची सवय नव्हती. मांजरं गेली तर करवंटी कुणासाठी वाजवायची, हे त्याला सांगायचं होतं. पण तो एवढंच म्हणाला, "याल तेव्हा ओटीवर पाणी असेल, तांडेल."

होड्या गेल्या आणि दुलबाला ताप भरला. तो अंगावरच्या ओलीचा ताप होता, उतरेना. खाली काठावर जाणं राहिलं. करवंटी वाजली नाही. भिंतीला धरून त्याने घागर मात्र ओटीवर आणून ठेवली.

तिसऱ्या सकाळी दर्यावर धुकं उतरलं. पुढचा माणूस मागच्याला दिसेना. होड्या परत येत होत्या आणि खाडीच्या तोंडाशी काळा दात नावाचा खडक आहे. त्याने आजवर कितीतरी होड्या फोडल्या होत्या. बुधाजीने वल्ही थांबवायला सांगितली. काठ कुठे, खडक कुठे, काही कळेना, आणि पाणी तर होड्यांना ओढत होतं.

टेकाडावर मांजरं उपाशी होती. ती सगळी आढ्यावर चढून बसली आणि ओरडू लागली. असं म्हणतात की तो आवाज मांजरांचा वाटत नव्हता. घरच आपल्या माणसांना हाका मारत होतं. कोसभर दर्यावर ती हाक पोचली. बुधाजीने कान दिला. त्या टेकाडावर एकच घर होतं आणि ते कुठे आहे हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. हाकेच्या बाजूने घर धरलं, घराच्या उजवीकडे खाडी धरली. मागून एकेक होडी आली. सगळ्या आल्या.

गोणी होडीतच राहिल्या. बुधाजी माशांची टोपली घेऊन टेकाड चढला. ओटीवर घागर भरलेली होती. आत सारवलेली जमीन, तेल लावलेले वासे, कोरड्या जागी अंथरलेला पलंग. आणि गळक्या कोपऱ्यात चटईवर दुलबा. त्याच्या छातीवर एक मांजरी बसली होती, आणि त्याचा हात तिच्या पाठीवर होता.

पावलं ऐकून त्याने डोळे उघडले, पण त्याला दिसत नसावं.

"नाखवा आले?" त्याने विचारलं.

बुधाजीला आपला भाऊ आठवला. इतकी वर्षं आपण दोघं एकाच गलबताची वाट बघत होतो, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. तो बाहेर ओटीवर गेला. घागरीतलं पाणी घेऊन, आत ऐकू जाईल असं, त्याने सावकाश पाय धुतले. मग आत येऊन दुलबाच्या उशाशी बसला.

"होय दुलबा, आलो," तो म्हणाला. "सगळे आलो."

"फार उशीर केलात," दुलबा म्हणाला. "घर कोरडं आहे. एक कोपरा तेवढा राहिला."

एवढं बोलून तो गेला.

ते घर अजून आहे. वैशाखात आडबंदरात आधी त्याचे नळे उतरतात, मग गावातल्या घरांचे. दर्याकडचा कोपरा मात्र कुणी उकलत नाही. त्याखाली मांजरी विते. आणि दुलबा गेल्यापासून तिथे पावसाचा एक थेंब पडलेला नाही, असं म्हणतात. रोज सकाळी कुणीतरी ओटीवर घागर ठेवतं. होडी आली की पहिला मासा वर जातो, पायरीवर करवंटी वाजते आणि मांजरं उतरतात. अजूनही ती हात लावू देत नाहीत.

काळा दात मागे टाकला की आमचे तांडेल टेकाडाकडे बघून हाक देतात, "दुलबा, आलो. सगळे आलो."

एखादी होडी आलेली नसली तर हाक देत नाहीत. त्या दिवशी ओटीवरच्या पाण्याला कुणी हात लावत नाही, आणि संध्याकाळ झाली तरी ते माडाला ओतत नाही. ते तसंच ठेवतात.