हात बसेपर्यंत

खूप पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची, ते मला विचारू नका. तेव्हाही माणसांना नव्या वस्तूंचं वेड होतं, तेव्हा काळ तुम्हाला वाटेल तो धरा.

डोंगरांच्या मध्ये एक लहानसं राज्य होतं. तिथली सगळी दौलत म्हणजे गाईगुरं. राज्यात शिरायला वाट एकच, ती एका अरुंद खिंडीतून. दर हिवाळ्यात पलीकडचे लुटारू गुरं पळवायला त्या खिंडीत येत, आणि दर हिवाळ्यात राजाचे भालाईत त्यांना हुसकावून लावत. त्यांचे भाले अगदी साधे होते.

राजा तरुण होता, मनानं चांगला होता. पण बूड टेकून बसणं त्याला ठाऊक नव्हतं. कुठं काही फिरतं, उघडतं, मिटतं, टक्कन वाजतं असं कळलं, की त्याचा जीव तिकडे धावे. त्याच्या महालात मिटणारी ढाल होती, उलगडणारी शिडी होती, आणि एक चाकू होता, त्यात कान कोरायची काडीसुद्धा होती! जेवताना तो एका हातानं घास घेई आणि दुसऱ्या हातानं एखादी कळ उलटीसुलटी करून बघे. राणीनं त्यावरून बोलणं केव्हाच सोडून दिलं होतं.

राजाचा सेनापती हा त्याचा दूधभाऊ. राजाला पाजणाऱ्या दाईचा तो मुलगा. दोघं एकाच मांडीवर वाढलेले. पण राज्याभिषेक झाला त्या दिवसापासून सेनापती त्याला ‘महाराज’ म्हणू लागला. राजानं रागावून पाहिलं, रुसून पाहिलं, तरी त्यानं पुन्हा कधी ‘अरे’ म्हटलं नाही.

एकदा एक सौदागर उंटांवर माल लादून आला. त्यानं राजापुढे एक धनुष्य ठेवलं. आडवं धनुष्य, मध्ये लाकडी दांडा आणि दांड्याच्या खाली एक खटका. दोरी ताणून अडकवायची, बाण ठेवायचा, नेम धरायचा आणि खटका दाबायचा. बाण समोरच्या चिंचेच्या खोडात पिसापर्यंत रुतला.

राजाचे पाय जमिनीवर ठरेनात. त्यानं सगळ्या फौजेला ती धनुष्यं घेतली आणि भाले वितळवून टाकले.

“महाराज, चीज उत्तम आहे,” सेनापती म्हणाला. “पण आता माणसांचा हात बसू द्या.”

“बसेल की! त्यात काय?” राजा म्हणाला.

हात बसणं म्हणजे काय, ते पोळ्या लाटणाऱ्या कुणालाही विचारा. आधी नकाशे होतात, मग कडा जाड राहतात, आणि मग एक दिवस बोलता बोलता गोल पोळी तव्यावर पडते. हात बसला की डोक्याला विचारावं लागत नाही. सेनापती माणसांना रोज माळावर नेऊ लागला. सुरुवातीला बाण आभाळात गेले, एक कुणाच्यातरी पागोट्यातून आरपार गेला. पण हळूहळू ते नेमावर लागू लागले, आणि सेनापतीच्या जिवात जीव आला.

तोवर सौदागर परत आला.

या सौदागराला मी लबाड म्हणणार नाही. तो कधी खोटं बोलला नाही, आणि त्यानं कधी टाकाऊ माल आणला नाही. त्याला फक्त एक वाईट खोड होती. वस्तू हातात देता देता तो म्हणायचा, “हे चांगलंच आहे, महाराज. पण पुढच्या खेपेला जे आणतोय ना...” आणि एवढं बोलून उंटावर बसायचा. इकडे राजाला अन्न गोड लागायचं नाही. हातातली वस्तू नवीकोरी असताना तिला जुनी झाल्याचा वास येऊ लागायचा.

या खेपेचं धनुष्य खरंच अधिक चांगलं होतं. बाण लांब जाई. याचा खटका मात्र दांड्याच्या वर होता आणि तो अंगठ्यानं पुढे ढकलायचा होता. राजानं सगळी फौज पुन्हा बदलली. माळावर पुन्हा बाण आभाळात जाऊ लागले. माणसांची बोटं खाली चाचपडत, मग ओशाळून वर येत.

सेनापतीनं राजाला एकटं गाठलं.

“महाराज, एक मागणं आहे. हिवाळा तोंडावर आलाय. लुटारू येऊन जाईपर्यंत आता काही बदलू नका.”

“अरे, पण मला भीती वाटते,” राजा म्हणाला, आणि ते खरं होतं. “याहून चांगलं जगात असेल आणि आपल्याकडे नसेल, तर? उद्या कुणी मेलं तर मी स्वतःला काय सांगू?”

“माणसं हत्याराकडे बघत बसली तर मरतील, महाराज. लुटारूकडे बघायला त्यांना मोकळं ठेवा.”

राजानं त्याचा हात हातात घेतला आणि वचन दिलं.

थंडी पडली, आणि तिच्या पाठोपाठ सौदागराचे उंट आले. राजानं ठरवलं, आपण खालीच जायचं नाही. तो महालात येरझारा घालू लागला. खिडकीशी गेला, परत फिरला. पुन्हा खिडकीशी गेला. ‘नुसतं बघायला काय जातंय?’ असं म्हणून तो खाली उतरला. मग नुसतं हातात घेतलं. मग नुसता एक बाण सोडून पाहिला. नवं धनुष्य इतकं हलकं होतं, की बाईमाणसानंही सहज पेलावं. खटका नव्हताच, बाजूला एक कडी होती, ती मागे ओढायची.

“फक्त पहिल्या रांगेला देऊ,” राजा सेनापतीला म्हणाला. त्याच्याकडे बघायचं मात्र त्यानं टाळलं. मग मागच्या रांगा कुरकुरल्या, आणि धनुष्यं सगळ्यांनाच मिळाली. हुकूम होता, म्हणून सेनापतीनंही नवं धनुष्य खांद्याला लावलं.

कडीची ओळख होते न होते, तोच लुटारू आले.

खिंडीत ते घुसले तेव्हा पहिल्या रांगेनं नेम धरला, आणि कुणी खाली दाबलं, कुणी वर ढकललं. घाबरल्यावर हात आपल्या ओळखीच्या जागी जातो, आणि यांच्या हाताला एक जागा कुणी दिलीच नव्हती. मोजके बाण सुटले. बाकीची माणसं माना खाली घालून हातातल्या वस्तूकडे बघत राहिली, आणि लुटारू त्यांच्या अंगावर आले.

सेनापतीनं धनुष्य फेकलं. एका लुटारूच्या हातातली काठी हिसकावून तो खिंडीच्या तोंडाशी एकटा उभा राहिला. “मागे व्हा! गुरं वर न्या!” तो ओरडत होता. तेवढ्यात एक लुटारू कुऱ्हाड घेऊन त्याच्या बगलेला आला.

राजा जवळच एका खडकावर उभा होता. त्याच्या धनुष्यावर बाण चढलेला होता. नेम लुटारूच्या छातीवर होता, अगदी बरोबर होता.

“महाराज, बाण सोडा!”

राजाची बोटं खाली गेली. तिथं काही नव्हतं. अंगठा वर गेला. तिथंही काही नव्हतं.

“अरे, सोड ना रे!”

किती वर्षांनी त्यानं ‘अरे’ म्हटलं होतं! राजाला कडी सापडली तेव्हा कुऱ्हाड खाली आलेली होती. बाण सुटला, तो सरळ गेला, आणि पळणाऱ्या लुटारूच्या मागचा दगड त्यानं दुभंगला. धनुष्य खरोखरच उत्तम होतं.

लुटारूंनी जवळजवळ सगळी गुरं नेली. त्या हिवाळ्यात राज्यातल्या लेकरांना पेजेवर राहावं लागलं. सेनापती जगला, पण त्याचा उजवा हात मनगटापासून गेला.

राजा त्याच्या उशाशी बसून रडला, अगदी लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसता पुसता त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला.

“ऐक. मी तुला हात करून घेतो. चांदीचा! आत कळ बसवू. बोटं मिटतील, उघडतील, पेला धरता येईल. असा कारागीर आहे, मी ऐकलंय...”

सेनापती त्याच्याकडे बघत राहिला. त्याला राग आला नाही, हसूही आलं नाही.

“महाराज, तो हात पुरा होईल त्याच्या आत सौदागर त्याहून चांगला घेऊन येईल. मग मी जेवू कोणत्या हातानं?”

राजानं चांदीच्या हाताचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर त्यानं एकही धनुष्य बदललं नाही. कडीचंच ठेवलं, कारण त्यात वाईट काहीच नव्हतं. फौज रोज माळावर जाऊ लागली. पुढच्या हिवाळ्यात खिंड राखली गेली. गुरंही हळूहळू वाढली. सौदागर येई, पुढच्या खेपेची गोष्ट काढी, आणि राजा त्याला पाणी पाजून वाटेला लावी. त्या दिवशी मात्र राजाला चैन पडत नसे, हेही सांगितलं पाहिजे.

आणि रोज सकाळी तो सेनापतीच्या घरी जाई. एका हातानं सेनापतीला पागोटं बांधता येत नसे. राजा त्याच्या मागे उभा राहून ते बांधी. आधी पागोटं डोळ्यांवर घसरे, मग सैल होऊन गळ्यात येई. सेनापती हूं की चूं न करता बसून राही. असं करता करता एका सकाळी पागोटं डोक्यावर नीट, घट्ट बसलं. राजानं मागे सरून पाहिलं आणि त्याला पुन्हा रडू आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा हात एका कामावर बसला होता, आणि त्यासाठी भावाचा हात जावा लागला होता.

तात्पर्य : साधन कितीही नवं असो, संकटात कामी येतं ते हात बसलेलंच.