उसवलेली ओळ

“कापडाखाली नाव कुणाचं लागणार, बाई?”

ऋजुता खैरनारने हे विचारले तेव्हा तिथे तिसरे कुणी नव्हते. दिल्लीच्या प्रदर्शनात ते कापड लागले तेव्हा नावाची पट्टी कोरी होती, एवढेच सगळ्यांनी पाहिले. बाकीचे ऋजुताच्या एकटीच्या सांगण्यावर उभे आहे. बाईंनी त्याला दुजोरा दिला नाही आणि ते खोडूनही काढले नाही.

बाई म्हणजे मृणालिनी केरकर. इचलकरंजीत यंत्रमागांच्या शेडला लागून असलेल्या खोलीत त्या कापडावर चित्रे करीत. रंगाने नव्हे, दोऱ्याने. निळे कापड, पांढरा दोरा, आणि गोधडीला घालतात तो साधा धावदोरा, ओळीखाली ओळ. पुढे त्यांच्या हाताला कंप सुटला आणि ऋजुता त्यांच्या शेजारी बसून टाके घालू लागली. हे कापड कंप सुटल्यानंतरचे, म्हणजे दोघींचे. पट्टी मात्र नेहमीप्रमाणे बाईंच्या नावाची जाणार होती. ऋजुताच्या नावावर अजून एकही काम नव्हते. या खेपेसही तसेच झाले तर ती इथे राहणार नव्हती, आणि हे तिला बाईंना सांगावे लागले नव्हते.

बाई म्हणाल्या की बँकेत हल्ली त्यांची सही त्यांच्याच सहीशी जुळत नाही. नावाचे कौतुक त्यांना तरी कुणी सांगू नये.

ऋजुता हसली नाही.

“यातलं अर्धं माझं आहे,” ती म्हणाली.

“मग तुझं घेऊन जा.” बाईंनी कात्री तिच्याकडे सरकवली. “तुझे टाके उसव. उरेल त्याखाली माझं नाव लागू दे.”

...

ऋजुताला ते अवघड वाटले नाही. सरळ टाके तिचे, थरथरते बाईंचे. डोळे मिटूनही बोटांना कळले असते. तिने मधली एक सरळ ओळ निवडली आणि या काठापासून त्या काठापर्यंत उसवली. दोरा मोकळा झाला. कापडावर सुईची छिद्रे तेवढी उरली.

बाई तो दोरा बोटाभोवती गुंडाळत होत्या.

“ही माझी होती,” त्या म्हणाल्या.

“इतकी सरळ?”

“मनगट टेबलाला बांधायचं आणि सुई न हलवता कापड सरकवायचं. तू घरी गेलीस की बसायचे. तुझ्या शेजारी बसवायची ओळ, जरा नीट नको?”

पलीकडे मागांची खडखड चालू होती. ऋजुताने कात्री खाली ठेवली.

ती गप्प राहिली असती तरी चालले असते. बाईंनी काही विचारले नव्हते.

“थरथरत्या ओळी सगळ्या तुमच्या नाहीत,” ती म्हणाली. “तुमचा हात कुठे थांबला आणि माझा कुठे सुरू झाला, ते कुणाला दिसू नये म्हणून मी टाका मुद्दाम हलवत होते.”

“कुठल्या ओळी?”

ऋजुता कापडावर वाकली. एका ओळीवर बोट ठेवले, उचलले. दुसरीवर ठेवले. कापड उलटून मागची बाजू पाहिली. पुन्हा सुलटे केले.

...

“सांगता येत नाही,” ती म्हणाली.

“बरं.”

“आणि नाव, बाई?”

बाईंनी बोटावरचा दोरा सोडवून तिच्या हातात दिला. मग टेबलावरची सुई उचलली आणि तिच्यासमोर धरली. सुई हलत होती. नेढे एका जागी ठरत नव्हते.

ऋजुताने दोऱ्याचे टोक ओठांत धरून ओले केले. दुसरा हात आपोआप बाईंच्या मनगटाकडे गेला.

उसवलेली ती ओळ आज कापडावर पुरी भरलेली आहे. कुणी भरली, हे ऋजुता सांगत नाही. तिचे सांगणे बाईंच्या शब्दांपाशी थांबते.

“हात धरू नकोस,” बाई म्हणाल्या. “ओव.”