दक्षिण कड्याचा मध

पूर्वी शालवती नगरीत सुबाहू राजाचं राज्य होतं, त्या काळी बोधिसत्त्व जवळच्या रानात मध काढणाऱ्यांच्या कुळात जन्मले होते. त्यांचं नाव सोमिल. त्यांच्या सुनेला, कुवलयेला, ते दिवस म्हातारपणीही आठवत. कपड्यांना बसलेला धुराचा वास, मेण वितळताना घरभर पसरणारी ऊब, आणि सासऱ्यांची सावकाश हाक, ‘सूनबाई, झाकण घट्ट लाव गं.’ तसं घर पुन्हा कुठे दिसलं नाही, असं ती म्हणे.

नव्या मधाच्या उत्सवात मधाचं पहिलं बोट गावातल्या सर्वांत लहान बाळाला चाटवायचं आणि मगच बाकीच्यांनी घ्यायचा, अशी तिथली रीत होती. त्या वर्षी हा मान कुवलयेच्या बाळाचा होता.

पण कुवलयेचा जीव मुळातच घाबरा. बाळ शिंकलं की ती उठून बसे. नाही शिंकलं तर श्वास चालू आहे ना, म्हणून त्याच्या नाकाशी बोट धरून पाही. नणंद म्हणे, “वहिनी, याला जांभई आली तरी तू वैद्य बोलावशील.” कुवलयेलाही ते पटे, हीच तिची पंचाईत होती.

उत्सवाच्या सकाळी गाडगी भरताना तिने बोट चाटलं. मध गोड लागला आणि मग जिभेचं टोक बधिर झालं. पुन्हा चाखलं, तेच झालं. सांगावं का? आपल्याला तर नेहमीच काहीबाही वाटतं. खोटं ती कधी बोलली नव्हती. पण खरं ओठांवर यायला तिला इतका वेळ लागे, की तोवर ते कुणाच्या कामाचं उरत नसे. गाडगी वडाच्या पाराशी गेली. गावातले मोठे मानाचे गृहस्थ, गृहपती यशदत्त बाळाला मांडीवर घेऊन बसले. तेव्हा कुठे तिने सासऱ्यांना बाजूला बोलावून सांगितलं.

सोमिलांनी मध चाखला. जन्मभर मधच चाखत आलेल्या त्या जिभेला काही कळलं नाही.

“मामंजी, मला आपलं उगाच वाटत असेल.”

“वाटतं ते राहू दे. माहीत काय आहे?”

तिने आठवून पाहिलं. “जीभ बधिर झाली. दोनदा. एवढंच.”

“मग तेवढ्यावरच चालायचं.”

यशदत्तांनी मधात बोट बुडवलं होतं. सोमिलांनी त्यांचं मनगट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की यंदा रानात फुलोरा कमी होता, म्हणून वडीलधारे ज्याला हात लावू देत नसत त्या दक्षिण कड्यावरची पोळी आपण काढली, तो मध सगळ्या गाडग्यांत मिसळला, आणि कुणी विचारलं नाही म्हणून बोललो नाही. हा मध बाधू शकतो, आणि ही चूक आपलीच. एवढं बोलून त्यांनी गाडगी एकामागून एक पालथी केली. कुणी थांबा म्हणेपर्यंत शेवटचंही रितं झालं होतं.

“सोमिला, एखादं ठेवून तपासायचं तरी,” यशदत्त म्हणाले.

“कुणावर तपासणार, गृहपती?”

यशदत्तांनी मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं आणि बोट धोतराला पुसलं. पण लोक चरफडतच घरी गेले. मधावाचून उत्सव कुणी पाहिला नव्हता.

कुवलया बाळाला घेऊन पारावरच बसून राहिली. माझं चुकलं असेल तर, असं तिने विचारलं तेव्हा सोमिल म्हणाले, “तर लोक वर्षभर माझ्यावर रागावतील. रागावू देत. बाळ तर तुझ्या कुशीत आहे ना?”

दुपार कलली. मातीतला मध उन्हात चकाकत होता. वडाच्या मुळांतून मुंग्यांची रांग निघाली, त्या मधाच्या काठापर्यंत आली आणि त्याला तोंड न लावताच वळली. दुसरी रांगही वळली. कुवलया बघत राहिली. मग बाळाला कडेवर घेऊन ती उठली आणि घरोघरी जाऊन लोकांना ते पाहायला बोलावू लागली. या वेळी तिने स्वतःला काही विचारलं नाही.

ही पूर्वजन्मीची गोष्ट इथवर सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, सभेवर नजर फिरवली. मग म्हणाले, “तेव्हाची कुवलया म्हणजे मागे बाळाला थोपटत बसलेली ही उपासिका नंदुत्तरा. तेव्हाचे यशदत्त म्हणजे आजचे ज्येष्ठ भिक्षू, स्थविर भद्दसेन. आणि मध सांडणारा सोमिल तो मीच. तिने जपलं ते सत्य. त्या सत्याला वेळेवर हात देणं, ते अधिष्ठान, म्हणजे ठाम निश्चय. त्या सकाळी एकाविना दुसऱ्याने बाळ वाचलं नसतं.”