मोरीपाशी ठेवलेले वाघतोंडी बूट

वेळ दुपारी तीनची. ठिकाण चीनच्या शान्शी प्रांतातले छिंगशी गाव, रेन घराण्याचा जुना चौसोपी वाडा, आतल्या चौकाचा दरवाजा.

या दरवाजाच्या उजव्या हाताला, भिंतीच्या पायथ्याशी, पावसाचे पाणी जायला एक मोरी आहे. वाड्यातल्या इतर मोऱ्यांना दगडी जाळ्या आहेत, नाण्यासारख्या कोरलेल्या. हिला जाळी नाही. हिच्या तोंडाशी तान्ह्या मुलांचे कापडी बूट ठेवलेले असतात. लाल, पिवळे, टोकाला वाघाचे तोंड भरलेले, मिश्यांसकट. जोडी मात्र एकाचीही नाही. प्रत्येक बूट एकटा.

आम्ही पुण्याहून गेलेले प्रवासी. आमच्याबरोबर शलाका सबनीस होती. प्रवास कंपनीची, चिनी उत्तम बोलणारी. वाडा दाखवायला रेन शौछ्युआन नावाचे म्हातारे गृहस्थ होते. हे त्याच घराण्यातले. वाडा आता सरकारी, आणि रेन तिथे पगारी माहितगार. उमेदीच्या काळात गावच्या नाटकमंडळीत ढोल वाजवायचे. गळ्यात ध्वनिक्षेपक अडकवून ते ठेक्यात बोलत होते आणि शलाका मराठीत सांगत होती.

असे सांगतात की, दीडेकशे वर्षांपूर्वी या घरात मेंग घराण्यातली मुलगी सून म्हणून आली. थोरल्या रेनसाहेबांना नातू नव्हता. त्यांनी अग्निदेवाला नवस केला, की नातू झाला तर त्याच्या शंभराव्या दिवशी देवळापुढे नाटक करवीन आणि पडदा पडेपर्यंत जागचा उठणार नाही. नातू झाला. शंभराव्या दिवशी नाटक सुरू असताना आतल्या चौकात आग लागली. बाहेरच्या चौकात परके पुरुष होते. त्यांच्यापुढे यायचे नाही म्हणून सुनेने आतून दार लावून घेतले, मुलाला मोरीतून बाहेर दिले आणि शीलासाठी ज्वाळा पत्करल्या. दरबाराने तिच्या नावे पाटी पाठवली. ती पाहा, दारावर.

पाटी मोठी होती. सोन्याची अक्षरे, काळा रोगण. सगळे माना वर करून बघू लागले. आमच्यातले केळुसकर काका मात्र दाराकडेच बघत होते. चाळीस वर्षे गोदीत काढलेला माणूस. त्यांना देवळातही आधी कुलपे दिसतात.

"शलाका, जरा आजोबांना विचार गं," ते म्हणाले. "अडसर तर बाहेरून आहे. बाईने आत राहून तो बाहेरून लावला कसा? हात काय मारुतीच्या शेपटासारखा होता का?"

दोघेतिघे हसले. शलाका अवघडली. "काका, असं कसं विचारू?"

"जसं मी विचारलं तसंच."

तिने विचारले. मारुतीचे शेपूट वगळले असावे. रेन हसले नाहीत. त्यांनी ध्वनिक्षेपक बंद केला, गळ्यातून काढून ओट्यावर ठेवला. मग दाराच्या चौकटीतल्या दोन्ही लाकडी खाचांना हात लावून दाखवला. बाहेरच्या बाजूने. वर्षानुवर्षे आडवा दांडा सरकवून खाचा आतून गुळगुळीत झालेल्या होत्या. दाराच्या आतल्या अंगाला खाच नव्हती, कडी नव्हती, कधी असल्याची खूणही नव्हती.

"पाटीवर आहे ते मी मघाशी सांगितलं," ते म्हणाले. "आता घरात सांगतात ते ऐका."

नाटकमंडळी परगावची होती, म्हणे. गावात अनोळखी पुरुष आलेले. थोरल्यांनी हुकूम केला की आतल्या दाराला बाहेरून अडसर घाला. मी सांगेन तेव्हाच काढा. घरातल्या इतर बायका झाकलेल्या गाडीतून नाटकाला गेल्या. सून गेली नाही. नाटक तिच्याच मुलासाठी होते, पण शंभर दिवसांच्या मुलाला गर्दीत नेले तर दृष्ट लागते, म्हणून तिला ठेवले. आतल्या अरुंद चौकात हिवाळ्यासाठी मक्याची ताटे रचलेली. खिडक्यांना कागद. चुलीतली ठिणगी कुठून कशी उडाली, कोण जाणे.

बाहेरच्या चौकात कारभारी होता आणि आचारी होता. सुनेने दारावर थापा मारल्या. दोघांनी पाण्याचे रांजण भिंतीवरून आत रिकामे करायला सुरुवात केली. अडसराला हात लावला नाही.

"कुलूप होतं?" मी विचारले.

"नाही. नुसता लाकडाचा दांडा. माझी नात उचलेल."

मग सुनेने उखळातला दगडी बत्ता घेऊन मोरीची जाळी फोडली. मोरी मूल मावेल एवढीच. तिने मुलाला डोक्याकडून आत सरकवले आणि बाहेरून कारभाऱ्याने ओढून घेतले. मुलाच्या पायात आजोळहून आलेले वाघतोंडी बूट होते. त्यांना बघून दुखणी पळतात, अशी समजूत. ओढताना एक बूट फुटक्या जाळीच्या कडेला अडकून आतच राहिला. मूल बाहेर आले ते एका पायात बूट घालून.

मग रेन अगदी साध्या आवाजात बोलले आणि तिने तितक्याच साध्या आवाजात सांगितले.

"मोरीतून ती म्हणाली, 'आता दार.' कारभारी म्हणाला, 'थोरल्यांना विचारून येतो.'"

तो मुलाला आचाऱ्याकडे देऊन देवळाकडे धावला. थोरले पहिल्या रांगेत बसलेले. कारभारी त्यांच्या कानाशी लागला. थोरल्यांनी एक हात वर केला. त्या हाताचा अर्थ 'जा, उघड' होता की 'थांब' होता, यावर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली, असे रेन म्हणाले. कारभाऱ्याने 'थांब' असा घेतला. तो खुर्चीमागे उभा राहिला. पडदा पडल्यावर थोरले उठले. देवाला दिलेला शब्द मोडला नाही. अग्निदेवाला.

दार उघडले तेव्हा सून दाराला पाठ लावून बसलेली होती. धुराने गेली होती. हातात बूट होता.

"हे घरात कोणी सांगितलं?" मी विचारले.

"आचाऱ्याने. मुलगा मोठा झाल्यावर त्यालाच. तो मुलगा माझा पणजोबा." रेनांनी ओट्यावरचा ध्वनिक्षेपक उगाच सरळ केला. "आचारीही तिथेच होता. मूल हातात घेऊन उभा होता. त्याला तर थोरल्यांना विचारायला जाण्याचंही निमित्त नव्हतं. त्यानेही अडसर काढला नाही."

तेव्हापासून गावात मूल झाले की आई शंभराव्या दिवशी एक बूट इथे आणून ठेवते. दुसरा मुलाच्या पायात राहतो. मेंगकडची सून, एवढेच तिचे नाव. माहेरी तिला काय म्हणत, ते पाटीवरही नाही आणि घरातही कुणाला ठाऊक नाही. गावातल्या बायका बूट ठेवताना मोरीत तोंड घालून एवढेच म्हणतात, "आई, दार उघडंय."

केळुसकर काका चष्मा पुसत होते. "मी गंमत केली हो," ते कोणाला तरी म्हणाले.

रेन मला म्हणाले, "तुम्ही वर्तमानपत्रवाले ना? या पोरीने सांगितलं. मग फोटो काढा. पाटीचा नको, तो सगळे काढतात. इथला काढा." त्यांनी पुन्हा त्या खाचांवर हात ठेवला. "मी गावाची सगळी नाटकं वाजवली. त्या दिवशी नवसाचं झालं ते एक कधी नाही वाजवलं. आता हे एवढं दार राहिलंय."

'राहिलंय' असे का म्हणाले, ते बाहेरच्या चौकात कळले. भिंतीला नवी कोरी दारे टेकवून ठेवली होती, लाल रोगण अजून ओले. वाड्याच्या जतन समितीने करवून घेतलेली. या दारांना अडसर होता. आतल्या बाजूने. मी समितीच्या तरुण अधिकाऱ्याला विचारले, हे कशावरून? तो सभ्यपणे हसला. "पाटीवरून. पर्यटकांचा गोंधळ होतो. दार आणि गोष्ट जुळायला नको का?"

मी बातमीदारीत आयुष्य घालवले आहे. खोटे कागद पाहिले, फिरवलेल्या साक्षी पाहिल्या. पण गोष्टीला सोयीचे पडावे म्हणून दाराची साक्ष फिरवतात, हे इथे पहिल्यांदा पाहिले. एका बाईला कोंडून मारले. मग तिनेच कोंडून घेतले असे सोन्याच्या अक्षरांत लिहिले. आणि आता सुतार लावून ते खरे करून घेतले. जतन म्हणतात याला!

त्या दुपारी आम्ही सगळ्यांनी फोटो काढले. केळुसकर काकांनी तर गुडघे टेकून, खाचांच्या आतला गुळगुळीतपणा दिसेल असे काढले. दिवाळीच्या सुमारास शलाका दुसऱ्या गटाबरोबर तिथे गेली. दारे बदलली होती. जुन्या चौकटीतल्या खाचा लाकडाची पाचर ठोकून भरल्या होत्या, वर रोगण. माहिती सांगायला नवी मुलगी होती. रेन आजोबांना घरी बसवले, असे तिने सांगितले. वय झाले म्हणून.

आजही त्या मोरीला जाळी नाही. आजही गावातल्या बायका एकेक बूट आणून ठेवतात आणि वाकून तेच वाक्य म्हणतात. आमचे फोटो जोडून मी समितीला पत्र पाठवले, पोच आली. जुनी दारे कुठे नेली, हे मात्र अजून कोणी सांगितलेले नाही.