आक्काचं नाक

फार फार वर्षांपूर्वी, चंदनाच्या रानाला लागून एक राजधानी होती. तिथे एक गंधी राहत असे. गंधी म्हणजे अत्तरं गाळणारा कारागीर. त्याच्या एका अत्तराची कीर्ती दूरदूरच्या राज्यांत पोचली होती. चंदन, लवंग, दालचिनी, जायफळ आणि मूठभर वाळा, एवढाच त्याचा मसाला. सगळा रानातला, नाहीतर परसात शेणखतावर वाढवलेला. ते अत्तर लावलं की आधी नाकाला हलकी झणझण लागायची, मग हळूच जुन्या लाकडाची ऊब यायची आणि संध्याकाळपर्यंत अंगावर राहायची.

या कामात एक अडचण असते. तांब्याच्या हंड्यात मसाला उकळायचा आणि त्याची वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलात उतरवायची, असं दिवसांमागून दिवस चालतं. पण थांबायचं कधी? एक दिवस कमी पडला तर अत्तर फिकं, एक दिवस जास्त झाला तर डोकं उठवणारं. आणि जो दिवसभर भट्टीपाशी बसतो, त्याचं नाक त्या वासाने इतकं भरून जातं, की त्याला काही कळेनासं होतं. म्हणून त्या घराण्याची रीत होती, की भट्टीवर बसणाऱ्याने निवाडा द्यायचा नाही. तो द्यायचा दिवसभर भट्टीकडे न फिरकलेल्या माणसाने.

या घरात ते माणूस म्हणजे गंध्याची थोरली बहीण. लहान वयात नवरा गेला आणि ती माहेरी आली होती. गंधी तिला आक्का म्हणे. दुपार कलली की आक्का हात-तोंड धुऊन विहिरीपाशी वाऱ्याला बसायची. गंधी कापसाचा फाया अत्तरात बुडवून आणायचा. ती तो नाकापाशी धरून डोळे मिटायची.

“जायफळ दबलंय रे,” ती म्हणायची. किंवा, “आजची लवंग जुनी होती का? नुसती तिखट लागतेय.”

आणि एखाद्या दिवशी काहीच न बोलता हसायची. ती हसली की गंधी भट्टी विझवायचा. वीस वर्षांत तिचं नाक एकदाही चुकलं नव्हतं.

एकदा राजाने गंध्याला दरबारात बोलावून शाल पांघरवली. आक्का बायकांच्या सज्जातून बघत होती. राजाने सहज विचारलं, “अत्तर पुरं झालं हे ठरवतं कोण?”

खरं सांगायला काही हरकत नव्हती. कुणी त्याची शाल काढून घेणार नव्हतं. पण सगळा दरबार त्याच्या तोंडाकडे बघत होता, आणि एवढा मोठा कारागीर बहीण सांगेल तेव्हा थांबतो, हे म्हणायची त्याला लाज वाटली.

“माझंच नाक, महाराज,” तो म्हणाला. “दुसरं कुणाचं?”

लोकांनी वाहवा केली. त्याने सज्जाकडे मान वर केली नाही.

घरी आल्यावर आक्काने शालीची घडी घालून ठेवली. जेवायला वाढताना दरबारातल्या झुंबरांचं कौतुक केलं. त्या उत्तराबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. ती भांडली असती तर फार बरं झालं असतं. त्याने कान पकडले असते आणि आपली गोष्ट इथेच आटोपली असती.

दुसऱ्या दिवशी गंध्याने फाया बुडवला, दारापर्यंत आला आणि तिथेच थबकला. आता कोणत्या तोंडाने विचारायचं? तो मागे फिरला. आक्का दिवेलागणीपर्यंत विहिरीपाशी बसून होती. चार दिवस ती तशीच बसली. पाचव्या दिवशी बसली नाही.

पुढे राजकन्येचं लग्न ठरलं आणि राजवाड्यावरून अत्तराची मोठी मागणी आली. गंधी भट्टीला बसला. सात दिवसांनी त्याने स्वतःच वास घेतला. त्याला अत्तर फिकं वाटलं. त्याने लवंग वाढवली. तरी फिकंच! मग दालचिनी वाढवली. परसात धान्य निवडत बसलेल्या आक्काला राहवेना. तिने तिथूनच हाक मारली, “अरे, लवंग फार झाली! थांब आता.”

तो ओशाळला, आणि ओशाळलेला माणूस बोलू नये ते बोलतो. “तुला काय कळतं यातलं?” तो खेकसला.

आक्काने सूप खाली ठेवलं. चार दिवसांनी तिने गाठोडं बांधलं आणि पुतण्याकडे, सासरच्या गावी निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, “लोणच्याची बरणी उन्हात ठेवलीय. संध्याकाळी आत घे.”

लग्नाच्या मांडवात ते अत्तर शिंपडलं, आणि काय सांगू! भटजींना मंगलाष्टकं म्हणवेनात, वऱ्हाडी शिंकून बेजार झाले, नवरीच्या मनगटावर लाल चट्टे उठले. दुसऱ्या दिवशी सगळ्या कुप्या गंध्याच्या दारात परत आल्या.

हसं झाल्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. विहिरीपाशी आक्काच्या रिकाम्या जागेकडे बघून मात्र त्याला रडू कोसळलं. त्याने त्याच अत्तराची एक कुपी घेतली आणि सासरच्या गावाची वाट धरली. आक्का गेल्याला तोवर सबंध हिवाळा उलटला होता.

आक्का ओसरीवर बसली होती. फार वाळली होती. त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

“आक्का, चुकलो. राजासमोर खोटं बोललो, आणि मग तुझ्यावरच ओरडलो. बघ हे, याचं काय बिघडलंय ते तूच सांग.”

त्याने कुपीत फाया बुडवून दिला. तिने तो नाकापाशी धरला आणि डोळे मिटले. मग प्रेमाने म्हणाली, “छान झालंय रे. अगदी छान.”

गंधी चरकला. त्या फायाच्या नुसत्या वासाने ओसरीतलं मांजर शिंकून पळालं होतं.

पुतण्याची बायको त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “थंडीत काकूंना मोठा ताप आला होता, मामा. त्यानंतर त्यांना वासच येत नाही. परवा दूध करपून गेलं, तरी त्या चुलीपाशीच बसून होत्या.”

गंधी परत येऊन आक्काशेजारी बसला. “मी राजाला जाऊन खरं सांगतो,” तो म्हणाला.

“सांग बापडा,” आक्का म्हणाली. “त्या दिवशी सांगितलं असतंस, तर घरी येऊन शिरा केला असता मी. आनंदाने.”

त्याने भर दरबारात सगळं सांगितलं. राजा म्हणाला, “घेऊन या त्यांना. त्यांचा मान त्यांना देऊ.”

“महाराज, मान द्याल,” गंधी म्हणाला, “पण त्यांच्या हातून जे होत होतं, ते आता कुणालाच करता येणार नाही.”

राजाने आक्काला शाल पाठवली. तिने ती एकदा अंगावर घेतली, छान म्हणाली, आणि पुतण्याच्या बायकोला देऊन टाकली. ती परत आली नाही. गंध्याने पुढे पुष्कळ अत्तरं गाळली, पण ते एक पुन्हा जमलं नाही. कुणी त्याची आठवण काढली, की तो आधी आक्काचं नाव सांगे आणि मग आत निघून जाई.

तात्पर्य : ज्याचं श्रेय त्याला वेळेवर द्यावं; उशिरा दिलं, तर हाती फक्त पश्चात्ताप उरतो.