लेस्लीची धून

“...पण मास्तर, भाड्याचं घर दोघांत असेल तर माणसानं गिटारचा अँप वाजवायचा तरी कसा?”

इनास मास्तर पडवीत बसून गिटारची गंजलेली तार सोडवत होते. उमेदीच्या काळात वसईतल्या कितीतरी लग्नांत त्यांनी गिटार वाजवली होती. पुढं ते घरीच शिकवू लागले. डेरिक त्यांचा विद्यार्थी. त्याच्याआधी त्याचा थोरला भाऊ लेस्लीही त्यांच्याकडेच शिकलेला.

“झालं काय?” मान वर न करता त्यांनी विचारलं.

“व्हायचं काय राहिलंय? बाहेरच्या खोलीत मी, आतल्या खोलीत सोबत राहणारा वैजनाथ. आवाज वाढवला की त्याच्या फळीवरची भांडी वाजायला लागतात. कमी केला की गिटार नुसती कण्हते. अँपवर गोधड्या टाकून झाल्या, कपाटात कोंडून झालं... आणि माईक असा आणलाय मास्तर, की स्टुडिओवाल्यांनी बघत राहावं! अगदी अँपच्या जाळीला भिडवून लावतो. एक सूर निसटत नाही.”

“मग अडलंय कुठं?”

डेरिक पायरीवर टेकला.

लेस्ली कॅनडाला गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. आई वारली तेव्हाही तो आला नाही. नाताळला फोन करायचा, थंडीबद्दल बोलायचा आणि ठेवून द्यायचा. गिटार सुटली म्हणायचा. जाताना अँप आणि गिटार तो धाकट्याला देऊन गेला होता. त्याची एक धून होती, मास्तरांसमोर बसूनच बांधलेली. तिला नाव नव्हतं, पण डेरिकच्या मनातून ती कधी गेली नाही. ती वाजवून पाठवली तर लेस्लीला घर आठवेल, एकदा तरी तो येईल, अशी डेरिकची वेडी आशा होती.

“पुन्हा पुन्हा पाठवली,” डेरिक म्हणाला. “‘छान’ म्हणतो. बस्स, एवढंच. त्याचा तरी काय दोष? तो आवाजच येत नाही, मास्तर. धून तीच, गिटार त्याचीच, अँप त्याचाच. पण तो आवाज नाही.”

“कुठला?”

“लहानपणी मी पडल्यापडल्या ऐकायचो तो.”

मास्तरांचे हात थांबले.

“पडल्यापडल्या? कुठं?”

“आतल्या खोलीत. लेस्ली ओटीवर वाजवायचा. मला झोप यावी म्हणून आई मधलं दार लोटून घ्यायची.”

मास्तर उठले. पायात चपला सरकवल्या.

“चल. तुझं घर दाखव.”

रविवारची दुपार होती. वैजनाथ खाटेवर लवंडला होता. दारात वडीलधारं माणूस बघून तो धडपडून उठला.

“आवाजाचं बोलायला आलात का काका? मी कुणाकडं तक्रार नाही केली हं...”

“नाही रे बाबा. तुझी खाट जरा वेळ देतोस?”

वैजनाथनं गोंधळून मान हलवली. मास्तरांनी डेरिकला खाटेकडे बोट दाखवलं.

“आडवा हो.”

“मास्तर, मी रेकॉर्डिंगचं विचारायला आलो होतो. झोपायला नाही!”

“भिंतीकडे तोंड कर.”

डेरिक फणफणतच आडवा झाला. मास्तर बाहेर गेले, मधलं दार लागलं. पलीकडे अँपची गुणगुण सुरू झाली... आणि मास्तरांनी लेस्लीची धून धरली.

बारीक तारांची धार भिंतीनं पिऊन टाकली होती. जाड तारा तेवढ्या येत होत्या. दबलेल्या, उबदार, जणू कुणी तोंडावर पांघरूण घेऊन गातंय. डेरिकचा हात आपसूक भिंतीवर गेला. भिंत तळव्याखाली थरथरत होती.

“रोज असंच येतं बघ इकडं,” वैजनाथ हलकेच म्हणाला.

डेरिक पुन्हा लहान झाला होता. मधल्या दाराखालून उजेड येतोय, आई चुलीपाशी आहे, दादा बाहेर आहे, आणि उद्याही असणार आहे...

धून संपली. तो धावतच बाहेर आला.

“हाच! मास्तर, हाच आवाज!”

मास्तरांनी माईकचा स्टँड उचलला, वायर ओढत आत नेला आणि भिंतीकडे तोंड करून उशीजवळ उभा केला. मग गिटार डेरिकच्या हातात दिली.

“आता तू.”

डेरिक अँपसमोर बसला. वाजवू लागला. समोरून तोच रोजचा करकरीत आवाज कानावर आदळत होता. त्यात काही नव्हतं. तरी तो शेवटपर्यंत वाजवत राहिला. मग हेडफोन कानाला लावून त्यानं रेकॉर्डिंग ऐकलं, आणि डोळे मिटून घेतले.

बऱ्याच वेळानं त्यानं हेडफोन उतरवले. मास्तर निघायला उठले होते.

“मास्तर... हा आवाज ऐकून तरी लेस्ली ओळखेल ना?”

“कसा ओळखेल?” मास्तर म्हणाले. “त्यानं हा कधी ऐकलाच नाही, तो तर दाराबाहेर वाजवत असायचा... पाठव.”