तबीथा सुईणीची प्रार्थना

प्रवरेच्या काठी एका लहानशा गावात तबीथा नावाची सुईण राहत होती. तरुणपणीच ती विधवा झाली, तेव्हा सासूने तिला हे काम शिकवलं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती. रविवारी चर्चमध्ये जमणाऱ्या निम्म्या लोकांना जन्मताच तिनेच हातात घेतलं होतं.

मग गावच्या मास्तरांचं लग्न झालं आणि त्यांची बायको शलोमी गावात आली. ती शहरातल्या दवाखान्यात बाळंतपणाचं काम शिकलेली होती. तिच्याजवळ पत्र्याची पेटी होती. पेटीतली कात्री आणि दोरा ती आधी उकळून घेई. बोलायला ती गोड होती. गावातल्या पोटुश्या बायका हळूहळू तिच्याकडे जाऊ लागल्या.

तबीथाचं घर नेमकं शाळेच्या वाटेवर. ती दारात बसून शलोमीकडे कोण जातं ते पाही. कुणी थांबून "बरं आहे ना, मावशी?" म्हटलं, तरी तिला वाटे, ही मुद्दाम खिजवतेय. गावात बाळ जन्मलं की ती बघायला जाई. बाळाच्या कौतुकासाठी नव्हे, तर शलोमीने नाळ कशी बांधली त्यात खोट काढण्यासाठी. खोट सापडत नसे. मग त्या दिवशी तिला जेवण जात नसे.

रोज संध्याकाळी ती गुडघे टेकून प्रार्थना करी. "प्रभू, शलोमी अजून लहान आहे. तिला गर्व होऊ देऊ नकोस. तिला चार गोष्टी शिकव." शब्द चांगले होते. पण 'शिकव' म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे शलोमीची फजिती उभी राही. प्रार्थना करून उठली तरी छातीतली जळजळ तशीच असे. तिला वाटे, देव आपलं ऐकत नाही.

एके दिवशी दीनाबाईच्या सुनेला, कृपाला, कळा सुरू झाल्या. दीनाबाईचे तिन्ही मुलगे तबीथाच्या हातचे. तरी या वेळी तिने शलोमीला बोलावलं. तबीथाला ते कळलं. ती सूप घेऊन बसली आणि बाजरी निवडू लागली, पण तिला खडे दिसत नव्हते.

दुपारी दीनाबाई धापा टाकत दारात आली. "तबीथा, चल लवकर. मूल आडवं आहे. सकाळपासून पोरगी तळमळतेय."

"तुमची शलोमी आहे ना तिथं?"

"तिनंच धाडलंय मला. म्हणाली, हे मला जमायचं नाही, मावशींनाच आणा. बैलगाडीनं शहरात न्यायचं तर चार तास लागतील. तेवढा वेळ नाही गं."

किती दिवस जे मनात चाललं होतं ते आता समोर आलं होतं. तबीथाने मान खाली घातली आणि म्हणाली, "मला ताप भरलाय. माझ्यानं उठवत नाही."

दीनाबाईने तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या सुपाकडे पाहिलं, आणि आल्या पावली परत फिरली.

तबीथाने दार लोटलं. सवयीने गुडघे टेकले आणि म्हणाली, "प्रभू, कृपाला सांभाळ." पुढे शब्द येईना. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अडकली. मग ती जमिनीवर डोकं टेकून म्हणाली, "मला ताप नाही. मी खोटं बोलले. शलोमीचं नाव बुडावं म्हणून मी घरात बसलेय. ती पोरगी मरेल हे मला कळतंय. तरी माझे पाय उठत नाहीत. तू उठव."

इतकं वाईट ती देवापुढे कधीच बोलली नव्हती. तिला फार लाज वाटली. पण बऱ्याच दिवसांनी आपण एकट्या नाही, असंही वाटलं. शलोमीचा राग गेला नव्हता. पाय मात्र उठले. तेलाची वाटी घेऊन ती अनवाणीच धावत निघाली.

कृपाचा चेहरा पांढरा पडला होता. शलोमी तिचा हात धरून बसली होती. तबीथाला पाहताच ती बाजूला सरकली आणि म्हणाली, "मी इथंच राहते. तुम्ही कसं करता ते बघते."

"आधी पाणी तापवून आण," तबीथा म्हणाली. शलोमी बाहेर गेली. तबीथाने हातांना तेल लावलं, कळ ओसरायची वाट पाहिली आणि पोटावरून हळूहळू मूल वळवलं. शलोमी परत आली तेव्हा ते सरळ झालं होतं. तासाभरात शलोमीच्या हातात मुलगी रडत होती. मायलेकी सुखरूप होत्या.

दोन महिन्यांनी त्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. उपासना संपल्यावर दीनाबाईने सगळ्यांसमोर शलोमीला लुगडं दिलं. शलोमी म्हणाली, "मूल मावशींनी वळवलं. हा मान त्यांचा."

"तिला बोलावलं तेव्हा ताप आला होता," दीनाबाई म्हणाली आणि पुढे गेली.

तबीथा बाकावर बसून राहिली. लोक शलोमीभोवती जमले. कुणी लुगड्याचा काठ बोटांत धरून पाहत होतं. तबीथाच्या छातीत पुन्हा तीच आग उठली. ती डोळे मिटून पुटपुटली, "प्रभू, ते परत आलंय. मला तिचा हेवा वाटतोय. दीनाबाई खरं बोलली, म्हणून जास्तच लागतंय. मला मदत कर."

चर्च रिकामं होत आलं. मग ती उठली आणि दाराशी उभ्या असलेल्या शलोमीजवळ गेली.

"शलोमी, त्या दिवशी मूल वळवायला गरम पाणी लागतच नव्हतं. तू माझे हात बघू नयेस, म्हणून मी तुला बाहेर पाठवलं."

शलोमी दारातून परत आत आली.

"उद्या दुपारी माझ्या घरी ये," तबीथा म्हणाली. "आडवं मूल कसं वळवायचं ते मी तुला शिकवते."

तात्पर्य: मनातला मत्सर चांगल्या शब्दांत लपवून केलेली प्रार्थना मनाला शांती देत नाही. तो मत्सर आहे तसा देवासमोर मांडावा आणि पुन्हा उठला तर पुन्हा मांडावा. मग योग्य ते करायचं बळ मिळतं.